गायरानातला कोळसा

माझे वडील माजलगावात मोटारी भरतात. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी त्यांच्या दुकानात येतात आणि ते त्यांचं तांब्याचं वाइंडिंग नव्याने करून देतात. माझं काम असं की लोकांनी बोअर कमी पाडावेत, पाणी जपून उपसावं, म्हणजे ओघानेच मोटारी कमी जळाव्यात. यावरून आमच्या घरात कधी भांडण झालेलं नाही. माझ्या कामामुळे आपल्या धंद्याला काही धोका आहे असं वडिलांना इतक्या वर्षांत एकदाही वाटलेलं नाही.

माझ्या ओळखपत्रावर ‘प्रकल्प व्यवस्थापक, जलसंधारण व लोकसहभागी भूवापर नियोजन’ असं लिहिलेलं आहे. ते दोन ओळींत मावलं नाही म्हणून तिसरी ओळ फोटोतल्या माझ्या हनुवटीवरून गेली आहे. नातेवाइकांना मी पाण्याच्या खात्यात आहे एवढंच माहीत आहे. लग्नात भेटले की ते विचारतात, नळाला पाणी कधी सोडणार. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता ‘परवा’ म्हणून सांगतो.

खरं तर काम सांगायला सोपं आहे. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं आणि मग कुठली जमीन नांगरायची, कुठली चराईला सोडायची, झाडं कुठे लावायची, बोअर कुठे पाडायचा नाही, हे गावाने एकत्र बसून ठरवायचं. पहिला भाग सगळ्यांना आवडतो, कारण त्यात मशीन येतं. दुसरा भाग कुणालाच आवडत नाही, कारण त्यात कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. हा नकार गावाने स्वतःच्या तोंडाने द्यावा, एवढ्यासाठी मला पगार मिळतो.

ही हकीकत ज्या गावची, ते वडवणीवरून डोंगराकडे वर गेल्यावर लागतं. खाली माजलगावच्या धरणाच्या पाण्यावर उसाचे फड, आणि वर या गावात उन्हाळ्याआधीच टँकर. तरी या गावाचा उसाशी संबंध नाही असं नाही. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन ट्रॅक्टरमध्ये बसतं आणि दुसऱ्या जिल्ह्यांतल्या कारखान्यांचा ऊस तोडायला जातं. परत येतं ते पट्टा पडला की, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की, पाडव्याच्या मागेपुढे.

आमच्या संस्थेच्या मुख्य कार्यालयाचं वर्ष मार्चला संपतं. मार्चच्या आत काम व्हायचं तर आराखडा सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर व्हायला हवा. तो मंजूर व्हायचा तर जानेवारीच्या सुरुवातीलाच गावाने बसून नकाशा काढायला हवा. थोडक्यात, सगळ्या गावाने मिळून करायचा कार्यक्रम आम्ही नेमका अर्धं गाव नसताना ठेवला. मी याच जिल्ह्यात जन्मलो. दिवाळीनंतर डोंगरपट्ट्यात मागे कोण उरतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुठे लिहिलं नाही. नकाशाच्या दिवशी म्हातारी माणसं, शाळेचे दोन मास्तर, सरपंच, स्वतःची विहीर असलेले चारपाच शेतकरी आणि घर राखायला राहिलेल्या बायका एवढे लोक जमले. हजेरीपत्रकाखाली मी ‘उपस्थिती समाधानकारक’ असा शेरा मारला.

नकाशा शाळेच्या पटांगणात काढला. पद्धत अशी की कागद आणायचा नाही. गावाने जमिनीवर, रांगोळीने, आपल्या हाताने शिवार काढायचं. निळ्या रांगोळीचा नाला, पिवळी कोरडवाहू शेतं, हिरवं चराईचं कुरण, आणि बोअर पाडायचा नाही तिथे लाल पट्टा. घरांच्या जागी चिंचोके ठेवायचे. बायकांनी भराभर चिंचोके मांडले आणि काही घरांच्या जागी मात्र चुलीतले विझलेले कोळसे आणून ठेवले.

“हे कोळसे कशाला?” मी विचारलं.

“ती कारखान्यावरची घरं हायत,” एक बाई म्हणाली. “चूलच पेटत न्हाई तिथं.”

मला ही कल्पना फार आवडली. मी ती वहीत लिहून घेतली आणि पुढे दोन प्रशिक्षणांत स्वतःची म्हणून सांगितली.

नकाशा पुरा होत आला तेव्हा एक म्हातारी उठली. कमरेत वाकलेली होती. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून ती कडेकडेने गायरानापर्यंत गेली, आणि हिरव्या रंगाच्या मधोमध तिने एक कोळसा ठेवला.

“आजी, हे गायरान आहे. इथं घर कुठंय?” मी म्हणालो.

“घर न्हाई.”

“मग?”

“सून हाय.”

“सून घरात असते, आजी.”

लोक हसले. सरपंच जरा जास्तच हसले. मी तो कोळसा उचलला, म्हातारीच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ माझ्या हाताने मिटवली. मोठ्या मायेने केलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. म्हातारी जागेवर जाऊन बसली. आमच्या सहकाऱ्याने नेमका त्याच क्षणी फोटो काढला.

नंतर नकाशा कागदावर उतरवला. कागदावर कोळशाची खूण नव्हती, तेव्हा चिंचोके आणि कोळसे दोन्ही ‘घर’ झाले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर वीस मिनिटांत आराखडा मंजूर झाला. त्यात गावाच्या शिवारात ऊस लावायचा नाही असा ठराव होता. अर्धं गाव दुसऱ्यांचा ऊस तोडायला गेलेलं असताना तो एकमताने पास झाला आणि टाळ्याही पडल्या.

फेब्रुवारीत मशीन आलं. गायरानाच्या उतारावर समपातळीत लांब चर खणायचे होते, म्हणजे वाहतं पाणी त्यात थांबतं आणि मुरतं. आमच्या अभियंत्याने चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या. एका ठिकाणी तो थांबला. तिथे जमीन बाकीच्या गायरानासारखी खडकाळ नव्हती. दगड वेचलेले होते, ते उताराच्या कडेला नीट रचलेले होते आणि मातीत बाजरीची धसकटं उभी होती.

“सर, हे कुणाचं तरी दिसतंय,” तो म्हणाला.

“नकाशात बघ,” मी म्हणालो.

त्याने नकाशात बघितलं. नकाशात हिरवं होतं. मशीनने त्या तुकड्यातून पाच चर काढले. कडेला रचलेला दगड आयताच मिळाला म्हणून आम्ही तो उचलून खालच्या ओढ्यात घातला आणि त्याचे अनघड दगडी बांध बांधले, पाणी थोपवून धरणारे. बाहेरून दगड आणावा लागला नाही, याची अहवालात ‘स्थानिक साधनांचा वापर’ म्हणून नोंद झाली. मार्चच्या आत सगळं पूर्ण झालं. वार्षिक पुस्तिकेत आमच्या गावाला एक अख्खं पान मिळालं. पानावर तो फोटो होता. मी म्हातारीची मूठ मिटवतोय आणि खाली लिहिलंय, ‘नियोजनात ज्येष्ठांचा आवाज’.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. आराखड्याचा नकाशा तोवर शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवून झाला होता. मी तो बघायला गेलो, तर एक बाई आधीच त्याच्यापुढे उभी होती. तिशी-पस्तिशीची असावी. हातांवर उसाच्या पाचटाने ओढलेले ओरखडे अजून ताजे होते. तिच्या मागे पायरीवर ती जानेवारीतली म्हातारी बसली होती.

“ओ साहेब, हे कुनी काढलं?” बाईने विचारलं.

“गावाने,” मी म्हणालो.

“कोन्त्या गावानं?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते छापील होतं, आणि तिच्या तोंडाकडे बघून ते मला देता आलं नाही.

“माझं शेत कुठंय ह्यात?” तिने विचारलं. मी म्हणालो, दाखवा. तिने बोट हिरव्यावर ठेवलं आणि तिथून काढलंच नाही. तेव्हा मला धसकटं आठवली, दगडांची ती रचलेली कड आठवली, आणि मग कोळसा आठवला. सून हाय. म्हातारी मला कोड्यात बोलली नव्हती. जी चूल पेटत नाही तिला कोळसा, तसं जे कसणारं माणूस गावात नाही त्यालाही कोळसा, इतकं ते सरळ होतं. तिची सून गायरानातला दीड एकर कसत होती आणि तेव्हा ऊस तोडत होती.

मी पायरीकडे वळलो. “आजी, तेव्हाच नीट सांगायचं की.”

“तुमी घर इचारलं,” म्हातारी म्हणाली. “घर न्हाईच तिथं.”

जागेवर गेल्यावर सगळं कळलं. ती जमीन बाईच्या सासऱ्याने फोडलेली होती. दर उन्हाळ्यात, कारखान्यावरून आलं की सगळं घर दगड वेचायचं. गायरान सरकारचं, त्यामुळे सातबाऱ्यावर यांचं नाव नाही. असाच कधीतरी तलाठी येऊन अतिक्रमणाचा पंचनामा करून गेला होता. तो पिवळा कागद बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. जमीन आपण कसतो याचा तिच्याकडचा एकमेव पुरावा म्हणजे जमीन आपली नसल्याचा पंचनामा. त्यावर तिने जमीन नावावर करून मिळण्याचा अर्ज केला होता, आणि पेरणीच्या आधी मंडळ अधिकारी जागा बघायला येणार होते. जमीन खरोखर कसणुकीखाली आहे का, एवढंच ते बघणार. आता त्यांना तिथे पाच चर दिसले असते आणि ग्रामसभेने मंजूर केलेला हिरवा नकाशा. दोन मिनिटांत प्रकरण निकाली निघालं असतं.

मग ती ओढ्यात उतरली आणि आमच्या बांधांतले दगड दाखवायला लागली. “हा माझा. हा बी माझा. ह्यो न्हाई, ह्यो वड्यातलाच हाय. हा माझा, ह्याच्यावर पहारीचा घाव हाय बघा, सासऱ्याच्या हातचा.” मी सुरुवातीला मान डोलवत होतो. दहाबारा दगडांनंतर मान डोलवणंही बरं दिसेना. मला फार लाज वाटली. हे मी पुढे कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

त्या रविवारी मी माजलगावला गेलो. दुकानात वडिलांना सगळं सांगितलं. त्यांच्यापुढे एक मोटार पडलेली होती, खेड्यातून कुणी तरी टेम्पोवर टाकून पाठवलेली. ती आठवडाभर तशीच होती.

“ही का उघडली नाही?” मी विचारलं.

घरात आम्ही दखनी बोलतो. वडील म्हणाले, “मालिक सामने नै तो मैं मोटर नै खोलता.”

त्यांची ही पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. मालक समोर नसताना उघडलेल्या मोटारीवरून नंतर कटकटी होतात, आधी आत काय होतं आणि काय नव्हतं यावरून. ते एवढंच बोलले आणि कामाला लागले. मला चिडायला काही जागाच ठेवली नाही.

मुख्य कार्यालयात मी फोन केला. माझे वरिष्ठ सौम्य माणूस आहेत, त्यांचा आवाज कधी चढत नाही. ते म्हणाले, नकाशा चुकीचा आहे असं म्हणू नका. पुरवणी नकाशा करा आणि तो पुढच्या वर्षी करा. मी म्हणालो, पाहणी पेरणीआधी आहे. ते म्हणाले, पुस्तिका छापून झाली आहे. मी म्हणालो, बाईला पुस्तिका पेरता येणार नाही. त्यावर ते म्हणाले, तुम्ही थकलेले दिसता, चार दिवस रजा घ्या. मला राग आला. मला राग येतो तेव्हा माझं अक्षर सुधारतं. त्या दिवशी मी, एक मेच्या ग्रामसभेत नकाशा पुन्हा मांडावा म्हणून, सरपंचांना जे पत्र लिहिलं, ते फलकावर लावण्याच्या लायकीचं होतं.

सरपंचांनी पत्र वाचलं आणि मला खुर्ची दिली.

“सर, आता कशाला उकरून काढता? ठराव झालाय,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं ना, ती तिथं कसते ते?”

“गावात कुनाला माहीत न्हाई?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी इचारलं का?” ते म्हणाले. “आन खरं सांगू का, जनावराला चराय जागा ऱ्हाइली न्हाई. तेवढंच कुरण वाढलं असतं.” याला खोटं म्हणता येत नव्हतं. त्यांच्या गोठ्यात जनावरं होती आणि चाऱ्याची खरंच अडचण होती. फक्त ते कुरण त्यांच्या बांधाला लागून होतं, एवढा एक योगायोग होता.

एक मेला पटांगण भरलं. इतकी माणसं त्या गावात आहेत हे मी पहिल्यांदाच बघत होतो. आधीच्या ‘समाधानकारक’ला मी त्या दिवशी मनातल्या मनात बरंच काही बोललो. झेंडावंदन झाल्यावर उभा राहिलो आणि सांगितलं की भिंतीवरचा नकाशा चुकलेला आहे आणि तो मी चुकवलेला आहे. पाठ करून आलेलं भाषण होतं, पण एवढं झाल्यावर पुढचं आठवेना. एक म्हातारा ओरडला, “मंग नीट काढा की, बोलताय काय नुस्तं!”

बायकांनी पुन्हा रांगोळी घेतली. या वेळी चिंचोकेच चिंचोके होते. नाला आला, विहिरी आल्या, डोंगर आला, हिरवं गायरान आलं. मी घरून पिशवीत कोळसे आणले होते, आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून. तयारी म्हणून. त्यातला एक मी म्हातारीपुढे धरला. जिथे उचलला होता तिथे तिच्याच हाताने परत ठेवावा, असा माझ्या मनात एक कार्यक्रम होता.

म्हातारीने कोळशाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आता कोळसा कशाला?” ती म्हणाली. “ती हाय की.”

तिने सुनेला दंडाला धरून पुढे ढकललं. सून काठावर थबकली. बाया चुकचुकल्या, कारण काढलेली रांगोळी कुणी तुडवत नाही. सूनही तुडवायला तयार नव्हती.

“जा,” म्हातारी म्हणाली. “हुबी ऱ्हा तुझ्या शेतात.”

ती पायांतल्या चपला काढून, चवड्यांवर, निळा नाला ओलांडून गायरानात गेली आणि जिथे जानेवारीत कोळसा होता तिथे उभी राहिली. सरपंचांनी घसा साफ केला, पण बोलले नाहीत. सगळ्या गावासमोर उभ्या असलेल्या बाईला ‘तू इथे नाहीस’ म्हणायचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. मी खाली बसलो आणि तिच्या पायांभोवती पिवळ्या रांगोळीने चौकोन ओढला. माझी रेघ वाकडी आली. बाजूच्या बाईने ती पुसून नीट केली.

“चरांचं काय करायचं?” मी तिला खालूनच विचारलं. “पाचही बुजवून देतो.”

तिने आधी नकाशातल्या डोंगराकडे बघितलं. “वरचे दोन ऱ्हाऊ द्या. डोंगराचं पानी अडंल, माझी माती जानार न्हाई. खालचे तीन बुजवा. आन माझे दगड आना.”

पाणी अडवणं आणि जमीन कसणं यांची सांगड घालायला मी पगारी माणूस होतो. ती सांगड तिने उभ्या उभ्या घातली. तिच्या शेताखालच्या कुरणावरून मग बरीच हुज्जत झाली. चराईसाठी वरचा माळ धरायचा की नाल्याकडचा, यात दुपार गेली. ठराव झाला तेव्हा ती पाय अवघडून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, पण चौकोनाच्या बाहेर आली नाही.

मे महिन्यात आम्ही चर बुजवले. ओढ्यातल्याच दगडांचे दोन बांध तसेच ठेवले आणि बाकीच्या बांधांतले तिचे दगड परत नेले. पूर्ण म्हणून नोंदवलेलं काम मोडायची आमच्याकडे तरतूद नाही, त्यामुळे त्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी हे मला आजही माहीत नाही. मी ती ‘इतर’मध्ये केली. दगड नेताना बाई ट्रॅक्टरच्या मागे उभी राहून एकेक तपासून घेत होती. ओढ्यातला एकही दगड तिने आपला म्हणून नेला नाही.

मंडळ अधिकारी मृगाच्या तोंडावर आले. सोबत तलाठी होते. जमीन नांगरून ठेवलेली होती, बाई आणि तिची सासू बांधावर उभ्या होत्या. सरपंचही आले होते आणि विशेष काही बोलत नव्हते. अधिकाऱ्यांनी एक मेचा ठराव वाचला, मग जानेवारीचा वाचला, मग बुजवलेल्या चरांवरून चालून बघितलं. नव्या मातीत त्यांचा बूट रुतला.

“इथं चर होते. कुणी खणले?” त्यांनी विचारलं.

“आम्ही,” मी म्हणालो.

“जानेवारीच्या ठरावात तर हे कुरण आहे. मग ही बाई यंदाच नांगरायला लागली, असंच दिसतं.”

बाईने माझ्याकडे बघितलं. त्या पाहणीत सगळं, ती आधीपासून कसत होती की नाही, या एका गोष्टीवर अडलेलं होतं आणि ती गोष्ट सांगू शकणारा, गावाबाहेरचा, कुणाच्या नात्यातला नसलेला असा माणूस मी एकटाच होतो. मी पिशवीतून वार्षिक पुस्तिका काढली आणि ते पान त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. “हिच्या मुठीत काय आहे?”

“कोळसा.”

“कशाचा?”

मी सांगितलं. चिंचोके, चुली, कारखाना, सून, सगळं सांगितलं. जानेवारीतच हिच्या सासूने हे शेत नकाशात दाखवलं होतं आणि मी ते पुसलं, मशीन आलं तेव्हा इथे बाजरीची धसकटं होती, ती मी डोळ्यांनी बघितली आणि तरीही खणायला सांगितलं, हेही सांगितलं. तलाठ्यांनी पेन खिशाला परत अडकवलं.

“हे मी पंचनाम्यात कसं लिहू?” अधिकारी म्हणाले. “कोळसा वगैरे?”

“कोळसा नका लिहू. माझी चूक लिहा.”

“तुम्हाला त्रास होईल.”

“होईल,” मी म्हणालो. त्यात खोटं नव्हतं. माझ्या नावाचा खुलासा मागवणारं पत्र दोनच आठवड्यांत आलं, आणि पुढच्या वर्षी गावांची निवड करणाऱ्या समितीत मी नव्हतो.

अधिकाऱ्यांनी तलाठ्यांना पंचनामा सांगायला सुरुवात केली. सरकारी मराठीत सगळं फार व्यवस्थित वाटतं. “सदर क्षेत्र पूर्वीपासून सदर महिलेच्या कसणुकीखाली असून, प्रकल्प व्यवस्थापकाने तिच्या शेतात विनापरवाना प्रवेश करून चर खोदले व बांधावरील दगड काढून नेले, ही बाब सदर व्यवस्थापकाने समक्ष कबूल केली.” मग त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“सदर महिला म्हंजी कोन?” बाईने विचारलं.

“तुम्हीच.”

“मंग पुन्यांदा वाचा.”

अधिकाऱ्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश वाचलं. म्हातारीला कमी ऐकू येत होतं म्हणून सुनेने तिच्या कानाशी तोंड नेऊन तेवढे दोन शब्द सांगितले. तिच्या शेतात. म्हातारीने मान हलवली आणि बांधावरचा एक सरकलेला दगड पायाने आत सारला. मी सही केली. अक्षर अगदी सुरेख आलं.

प्रकरणाचा निकाल अजून लागलेला नाही. पुढच्या जानेवारीत मी शेजारच्या गावचा नकाशा काढायला गेलो नाही, पाडव्यापर्यंत थांबलो, आणि उशीर का झाला याचा खुलासा दिला. खुलासे लिहायची आता सवय झाली आहे. बाईच्या शेतात त्या वर्षी बाजरी झाली आणि वरच्या दोन चरांत पाणी थांबलं. तिच्या घरी गेलो की ती ती प्लॅस्टिकची पिशवी काढून दाखवते. आता तिच्यात दोन पंचनामे आहेत. पहिल्यात तिच्या सासऱ्याने सरकारच्या जमिनीवर अतिक्रमण केल्याचं लिहिलेलं आहे. दुसऱ्यात मी तिच्या जमिनीवर केल्याचं.